चौदापैकी सात नोड गप्प: एका द्राक्षबागेतल्या सौर सेन्सरचं निदान

निफाड तालुक्यातली वाय पद्धतीची द्राक्षबाग. बागेत १४ वायरलेस नोड. प्रत्येक नोड २० आणि ४० सेंटिमीटर खोलीवरचा जमिनीतला ओलावा मोजतो. पाच नोडना पानांचा ओलेपणा मोजणारी पट्टीही जोडलेली आहे, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी कधी घ्यायची हे पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतं. नोडच्या पोटात ठरलेलं सामान: ६ व्होल्ट १ वॉटचं छोटं पॅनेल, टीपी४०५६ चार्जर, त्याच पाटीवर डीडब्ल्यू०१ हे बॅटरीचं संरक्षण, २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० लिथियम-आयन सेल, व्होल्टेज ३.३ वर बांधून ठेवणारा रेग्युलेटर, एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आणि एसएक्स१२७६ हा लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ. दर १५ मिनिटांनी एक निरोप, म्हणजे दिवसाला ९६. नोडचे निरोप सर्व्हरला पोचवणारा गेटवे शेतघराच्या गच्चीवर, इन्व्हर्टरवर चालणारा, ४जी सिमवाला.

नोड १५ एप्रिलला, खरड छाटणीनंतर बाग उघडी असताना बसवले. उन्हाळा निर्धास्त गेला. जुलैच्या उत्तरार्धात दोन आठवडे झड लागली आणि तीन नोड बंद पडले. २ ऑगस्टला पाच नोडच्या बॅटऱ्या बदलल्या गेल्या: तीन बंद पडलेल्यांच्या, आणि दोन अशांच्या ज्यांचं व्होल्टेज जरा कमी दिसत होतं. बंद असलेले तीन चालू झाले. चालू असलेले दोन मात्र त्याच दुपारी गेले. १६ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान ते तीन पुन्हा झोपले. मधल्या काळात आणखी दोन गळाले. २० ऑगस्टला हिशेब सात गप्प, सात चालू असा होता. पुरवठादाराचा सल्ला एका ओळीचा: पॅनेल २ वॉटचं लावा आणि सगळ्या बॅटऱ्या बदला.

तो सल्ला मानला असता तर पैसे गेले असते आणि सातपैकी चार नोड तरीही गप्पच राहिले असते.

आधी ग्राफ, मग बाग

‘ऑफलाइन’ याचा अर्थ इतकाच की सर्व्हरला निरोप मिळाला नाही. नोड मेला आहे, नोड बोलतोय पण आवाज पोचत नाही, किंवा आवाज पोचतोय पण सर्व्हर तो फेकून देतोय, या तिन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच लाल दिसतात. म्हणून पाना-पकड घेऊन बागेत शिरण्याआधी दोन गोष्टी कागदावर उतरवायच्या: प्रत्येक नोडचा शेवटचा निरोप कोणत्या तारखेला, किती वाजता आला, आणि त्यात बॅटरी किती व्होल्ट होती.

सगळे नोड एकाच मिनिटाला गेले असते तर गेटवे, त्याची वीज किंवा सिमचा रिचार्ज पाहायचा. इथे सात चालू होते, त्यामुळे गेटवे लगेच सुटला. उरलेल्या सातांच्या शेवटच्या निरोपांवरून चार गट सहज पडले.

पहिल्या गटात तीन नोड. त्यांचा व्होल्टेजचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा असायला हवा: सकाळी चढ, दुपारी टोक, रात्रभर हलका उतार. या तिघांचे दाते दिवसेंदिवस बुटके होत गेले होते, ग्राफ जिन्याच्या पायऱ्यांसारखा खाली आला होता आणि शेवटचा निरोप ३.७ ते ३.८ व्होल्टच्या मधे. हा आकडा लक्षात ठेवायचा. ३.७५ व्होल्टला लिथियम-आयन सेलमध्ये जवळजवळ निम्मा चार्ज शिल्लक असतो. या व्होल्टेजला नोड मरण्याचं काही कारण नाही.

दुसऱ्या गटात दोन नोड, शेवटचा निरोप २ ऑगस्टला, बॅटरी बदलायच्या काही मिनिटं आधी. तिसऱ्या गटात एक: ४.०५ व्होल्टवर, भर पावसात, रात्री अडीचला अचानक बंद. चौथ्यात एक: व्होल्टेज उत्तम, पण जूनपासून निरोप गळत गळत शेवटी दिवसाला दोन-तीन आणि मग शून्य.

दुसरा गट: बॅटरी बदलल्यामुळेच गेलेले

याला बागेत जावंही लागलं नाही. चर्पस्टॅकसारख्या लोरा सर्व्हरवर गेटवेला ऐकू आलेल्या कच्च्या फ्रेम, म्हणजे न तपासलेले निरोप, वेगळ्या दिसतात. तिथे या दोन्ही नोडचे पत्ते दर १५ मिनिटांनी येत होते, अगदी ठणठणीत. सर्व्हर ते नाकारत होता.

हे दोन नोड जुन्या तुकडीतले, एबीपी पद्धतीने जोडलेले. या पद्धतीत नोड आणि सर्व्हर यांच्या किल्ल्या आधीच ठरलेल्या असतात आणि प्रत्येक निरोपावर चढता क्रमांक असतो, म्हणजे फ्रेम काउंटर. जुना निरोप पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर मागचा क्रमांक स्वीकारत नाही. नोडमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, हा क्रमांक फक्त रॅममध्ये ठेवत होता. बॅटरी काढली, क्रमांक शून्यावर आला. सर्व्हर साडेदहा हजारांच्या पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसला.

असा नोड काही न करताही एक दिवस जिवंत होतो. आधी जितके दिवस चालला तितकेच दिवस पुन्हा मोजून झाले की क्रमांक पुढे जातो. इथे ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झालं असतं. ‘आपोआप बरा झाला’ अशा नोंदी असतात त्यांतल्या काहींचं कारण हेच.

उपाय दोन मिनिटांचा: सर्व्हरवर त्या नोडचं सत्र पुन्हा सुरू करून काउंटर शून्य केला. दोन्ही नोड पुढच्या पंधरा मिनिटांत दिसू लागले. काउंटरची तपासणीच बंद करायचं बटणही सर्व्हरवर असतं आणि घाईत तेच दाबलं जातं. ते कायमचं दाबून ठेवू नये, त्याने कुलूपच निघतं. कायमचा उपाय म्हणजे ओटीएए, ज्यात नोड सुरू होताना नव्याने जोडणी मागतो. किंवा एबीपीच ठेवायची असेल तर दर ५० निरोपांनी काउंटर ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, लिहायचा आणि सुरू होताना त्यात ५० मिळवून पुढे जायचं. प्रत्येक निरोपाला लिहू नये. एटीमेगाच्या ईईप्रॉमचा एक घर लिहिण्याचा भरवसा एक लाख वेळांचा आहे. दिवसाला ९६ म्हटलं तर तो तीन वर्षांत संपतो.

पहिला गट: नऊ नंबरचा नोड, टेबलावर आणि वेलीखाली

तिघांचं दुखणं एकच, म्हणून एकाचंच सविस्तर. नऊ नंबरचा नोड तारेवर, ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, उंचीवर बसवलेला होता. एप्रिलमध्ये तिथे दिवसभर ऊन होतं. ऑगस्टमध्ये काड्या वाढून पॅनेलचा खालचा कोपरा पानांखाली गेला होता, आणि उरलेल्या भागावर निळसर-पांढरा थर होता. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. पावसाळ्यात बागेला ब्लोअरने बोर्डो मारतात ते पावसाने धुऊन जात नाही म्हणूनच. मग पॅनेलवरूनही ते धुऊन जात नाही, हे ओघानेच आलं.

डबी उघडल्यावर सेलच्या दोन टोकांवर थेट २.५८ व्होल्ट मिळाले, पण चार्जरच्या पाटीवरच्या आउटपुटला जवळपास शून्य. सेल खराब आहे असं वाटायला लावणारी ही जागा आहे. प्रत्यक्षात डीडब्ल्यू०१ ने आपलं काम केलं होतं: सेल २.४ व्होल्टला पोचला की तो सर्किट तोडतो, आणि चार्जिंग मिळून सेल ३ व्होल्टच्या आसपास चढल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. तुटल्यावर सेलचं व्होल्टेज थोडं सावरतं, म्हणून २.५८.

मग पॅनेल. मल्टिमीटर व्होल्टवर लावला तर ६.६ व्होल्ट. पॅनेल ठीक आहे असा निष्कर्ष इथेच निघतो आणि तो चुकीचा असतो. उघड्या टोकांचं व्होल्टेज मळलेल्या, अर्ध्या सावलीतल्या पॅनेललाही जवळपास पूर्ण येतं. मोजायचा तो शॉर्ट-सर्किट करंट: पॅनेलची वायर चार्जरपासून सोडवायची, मीटर १० अँपिअरच्या खुंटीवर लावायचा आणि दोन टोकं सरळ मीटरमधून जोडायची. इतक्या छोट्या पॅनेलला त्याने काही होत नाही. दुपारी साडेबाराला ढग फाटले तेव्हा, पानं बाजूला धरून, ९६ मिलिअँपिअर आले. तेच पॅनेल पुसल्यावर १७०. एका कोपऱ्यावर एक पान टेकवल्यावर करंट ३० च्या खाली कोसळला, कारण आतले सगळे सेल एकामागोमाग जोडलेले असतात, अंधाऱ्या सेलला वळसा घालून करंट नेणारा बायपास डायोड नसतो, आणि साखळीतल्या सर्वांत अंधाऱ्या सेलइतकाच करंट पुढे जातो.

थर काढायला एक भाग पांढरा व्हिनेगर, तीन भाग पाणी. ओलं फडकं पाच मिनिटं पॅनेलवर ठेवायचं, हलक्या हाताने पुसायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. घासणी लावायची नाही. अशा पॅनेलवर काच नसते, प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि ओरखडे कायमचे राहतात.

इथपर्यंत गोष्ट पॅनेलची वाटते. पण १ वॉटचं पॅनेल असलेल्या नोडला दिवसाला लागतं किती, हे अजून मोजलंच नव्हतं.

दोन निरोपांच्या मधे नोड झोपतो, आणि त्या झोपेतला करंट मोजताना एक युक्ती लागते. मीटर मायक्रोअँपिअरवर लावून सरळ सेलच्या वाटेत घातला तर नोड सुरूच होत नाही, कारण त्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध शंभर ओहम किंवा जास्तच असतो आणि रेडिओने १०० मिलिअँपिअर ओढले की सगळं व्होल्टेज मीटरच खातो. म्हणून मीटरच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा आडवा जोडायचा, नोड सुरू होऊ द्यायचा, निरोप जाऊन तो झोपला की तुकडा काढायचा आणि वाचायचं. पुढच्या जागेपणाआधी तुकडा परत लावायचा.

आकडा यायला हवा होता ०.०५ मिलिअँपिअरच्या आसपास. आला ५.९.

एटीमेगा झोपला होता, रेडिओही झोपला होता. जागा होता तो रेग्युलेटर: एएमएस१११७. हा भाग स्वस्त, कुठेही मिळणारा, म्हणून हौशी पाट्यांवर सर्रास असतो. पण तो स्वतः चालायलाच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. उरलेला सुमारे ०.९ मिलिअँपिअर पाटीवरच्या लाल एलईडीचा, जो बंद डबीत रात्रंदिवस कोणासाठी जळत होता कोण जाणे.

आता हिशेब. झोपेत ५.९ गुणिले २४, म्हणजे १४२ मिलिअँपिअर-तास. जागेपणी सरासरी ३५ मिलिअँपिअर, ८ सेकंद, ९६ वेळा: साडेसात. एकूण रोज सुमारे १५०. दाट ढगांच्या दिवशी या पॅनेलला पूर्ण उन्हाचा साधारण एक तास मिळाल्याइतकंच उत्पन्न: स्वच्छ असेल तर १६०-१७०, बोर्डोच्या थराखाली ९५, वर पानाची सावली पडली तर ७५. म्हणजे झडीत स्वच्छ नोड जेमतेम तगतो आणि मळलेला रोज ७५ ची उधारी करतो.

त्यात त्याच रेग्युलेटरचा दुसरा गुण. एएमएस१११७ ला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा १ ते १.२ व्होल्ट जास्त हवं असतं. सेल ३.८ वर आला की पाटीला मिळतात २.६ ते २.८. एटीमेगाचा ब्राउनआउट, म्हणजे ज्याच्याखाली तो स्वतःला रीसेट करतो तो आकडा, २.७ वर लावलेला होता. रेडिओ बोलायला गेला की व्होल्टेज दबतं आणि नोड नेमका निरोप पाठवतानाच रीसेट होतो. पुन्हा उठतो, पुन्हा जोडणी मागतो, पुन्हा पडतो. सर्व्हरला काही ऐकू येत नाही, पण रेग्युलेटर आणि एलईडी आपला वाटा खातच राहतात, आणि सेल हळूहळू २.४ पर्यंत उतरतो. शेवटच्या निरोपातल्या ३.७५ चं कोडं इथे सुटलं. २६०० पैकी वापरात येणारे होते जेमतेम ११००. रोज ७५ ची तूट धरली तर पंधरा दिवस. २ ऑगस्टला भरलेले सेल घातले, १६ ते १८ ला नोड गेले.

दुरुस्तीत एएमएस१११७ काढून एचटी७३३३ लावला. याला स्वतःला काही मायक्रोअँपिअर पुरतात, आणि कमी भारावर ०.१ व्होल्टच्या फरकावरही तो चालतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, पाय सारखे नाहीत: एएमएस१११७ चा क्रम ग्राउंड, आउट, इन, एचटी७३३३ चा ग्राउंड, इन, आउट. सरळ जागेवर सोल्डर केला तर उलटा बसतो, म्हणून आखूड वायरींनी जोडावा. दोन, तो २५० मिलिअँपिअरच देतो. लोराच्या १२० ला ते पुरतात. वायफायच्या ईएसपी३२ ला पुरणार नाहीत. आत आणि बाहेर १० मायक्रोफॅरॅडचा एकेक कपॅसिटर, रेडिओजवळ १०० चा एक. एलईडीचा रोधक उपटून टाकला.

टीपी४०५६ वर करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रोधक होता, म्हणजे चार्जर १ अँपिअर मागत होता. जे पॅनेल १७० च्या वर देऊच शकत नाही त्याच्याकडे इतकं मागितलं की ते दबतं आणि मंद उजेडात चार्जिंग सुरू-बंद होत राहतं. तिथे १० किलोओहम लावून मागणी १३० वर आणली. नव्याने पाट्या बनवायच्या असतील तर छोट्या पॅनेलसाठी सीएन३०६५ हा चार्जर बरा. पॅनेल दबायला लागलं की तो स्वतःच कमी ओढतो.

फर्मवेअरमध्ये पायऱ्या घातल्या: ३.५ व्होल्टखाली दर १५ मिनिटांऐवजी तासाला एक निरोप, ३.४ खाली रेडिओ पूर्ण बंद, आणि पुन्हा नेहमीचा क्रम ३.७ झाल्यावरच. उतरताना ३.४ आणि चढताना ३.७ हे अंतर मुद्दाम आहे. एकच आकडा ठेवला तर सकाळच्या पहिल्या उन्हात नोड उठतो, बोलतो, पडतो, आणि मिळालेलं सगळं त्यातच उडवतो.

तिन्ही नोडचा झोपेतला करंट दुरुस्तीनंतर ०.०४ ते ०.०६ च्या मधे आला. रोजचा खर्च १५० वरून ९ वर. भरलेला सेल आता पॅनेलशिवायही दोनशे दिवस ओढतो, तेव्हा बोर्डो लागला काय आणि नाही काय.

खोल उतरलेल्या सेलांचं काय करायचं? तीनपैकी दोन अडीचच्या वर होते; टीपी४०५६ अशा सेलला आधी कमी करंटने २.९ पर्यंत आणतो आणि मग वेग वाढवतो, ते दोन्ही नीट चढले. तिसरा १.६ वर सापडला. तो चार्ज न करता ई-कचऱ्यात दिला. इतक्या खाली काही दिवस राहिलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं आणि पुढे चार्जिंगच्या वेळी आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

तिसरा: रात्री अडीचचं पाणी

डबीला पाणी खालून लागलं नव्हतं, वायरीतून आलं होतं. पान-ओलेपणाच्या पट्टीची केबल डबीच्या माथ्यावरच्या ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत जात होती. ग्लँड घट्ट होता, पण वर पट्टीजवळ केबलचं आवरण फाटलं होतं, आणि पाणी आतल्या तारांच्या मधून खाली झिरपत थेट कनेक्टरवर उतरलं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज. आतला ओल शोषणारा सिलिका जेल कधीच भरून गुलाबी पडला होता.

केबल बदलली, ग्लँडचं भोक डबीच्या तळाला घेतलं, आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. माथ्यावरचं भोक बुजवायला सिलिकॉन लागलं तर न्यूट्रल क्युअर घ्यायचं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि बंद डबीत तेच तांब्याला खातं.

चौथा: एप्रिलच्या उघड्या बागेत ठरलेला वेग

गेटवेपासून साडेसहाशे मीटरवरचा हा नोड पूर्ण निरोगी होता. एप्रिलमध्ये वेलींवर पान नव्हतं, सिग्नल स्वच्छ होता, आणि सर्व्हरने वीज वाचवायला त्याला एसएफ७ वर, म्हणजे सर्वांत वेगवान पण सर्वांत कमी पोचणाऱ्या पायरीवर ठेवलं. मग पालवी आली, पाऊस आला. ओलं पान ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतं. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर एप्रिलमध्ये उणे १ डेसिबल होतं, ते जुलैत उणे ७ झालं. एसएफ७ ची मर्यादा उणे साडेसात. खरं तर सर्व्हरचं उत्तर येईनासं झालं की नोडने स्वतःहून पायरी वाढवायची असते, पण या फर्मवेअरमध्ये तेवढा भाग लिहिलेलाच नव्हता.

अँटेना बांबूवर दीड मीटर वर, पानांच्या माथ्याच्या वर, उभी बसवली आणि नोड एसएफ९ वर बांधून टाकला. तिथली मर्यादा उणे साडेबारा. एक निरोप आता ६० ऐवजी सुमारे २०० मिलिसेकंद हवेत राहतो. दिवसाचा वाढीव खर्च अर्धा मिलिअँपिअर-तासही नाही. हे मोजमाप बाग भरलेली आणि ओली असतानाच करायचं असतं. नोड बसवायची सोय मात्र नेमकी बाग उघडी असतानाच असते.

राहिलेले सात

सुरुवातीपासून चालू असलेल्या सात नोडमध्येही एएमएस१११७ च आहे, आणि एसएफ९ वर बांधलेल्या एका व सत्र नव्याने सुरू केलेल्या दोन नोडमध्येही. हे सात तगले कारण त्यांची पॅनेलं पानांच्या वर होती आणि ब्लोअरच्या फवाऱ्यातून बरीचशी सुटली होती. झडीत त्यांची जमा १६० आणि खर्च १५०. त्यांचे रेग्युलेटर गोडी छाटणीच्या वेळी, ऑक्टोबरमध्ये ओळी मोकळ्या झाल्यावर बदलायचे ठरले. तोपर्यंत ज्यांचा शॉर्ट-सर्किट करंट १४० च्या खाली आला आहे अशा तीन पॅनेलांवर दर बोर्डोनंतर ओलं फडकं फिरवायचं, आणि फवारणीआधी सगळ्याच पॅनेलांवर प्लॅस्टिकची पिशवी रबराने चढवायची. फवारणी झाल्यावर ती काढायची नोंद ब्लोअरवाल्याच्याच वहीत केली आहे.